वर्षाचं बाळ दूध नको म्हणतंय? आधी काय करायचं, नंतर काय आणि काय अजिबात नाही

पहिला वाढदिवस होऊन आठ दिवस होत नाहीत तोवर दूध दिसलं की तोंड फिरवणं, बाटली ढकलून देणं, वाटी उडवणं सुरू होतं. आणि मग घरात जे उपाय होतात त्यांचा क्रम सगळीकडे जवळपास सेम असतो, आधी साखर, मग चॉकलेटची पावडर, मग झोपेत बाटली, मग धरून पाजणं, आणि महिन्याभरानं "आता तर जेवत पण नाही हो" म्हणून डॉक्टर. आमच्याकडे पण यातल्या तीन गोष्टी करून झाल्या तेव्हा कुठे लक्षात आलं की क्रमच उलटा आहे. तपासणी आधी, वेळापत्रक नंतर, चव सगळ्यात शेवटी आणि ती पण लागली तरच.

एवढं एकच आधी डोक्यात पक्कं करा. जन्मताना तीन किलोचं बाळ वर्षात साधारण नऊ किलोचं होतं, पण पुढच्या अख्ख्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग कमी झाला की भूक पण कमी होते. त्यामुळे "आठव्या महिन्यात पाऊण लिटर प्यायचा, आता पाव लिटरवर आलाय" हा आजार असेलच असं नाही, बऱ्याचदा तो फक्त हिशोब असतो.

## पायरी १: तीन दिवस काहीही बदलू नका, फक्त लिहा

हीच पायरी सगळे गाळतात. मोबाईलमध्ये नोट उघडा आणि तीन दिवस लिहा: किती वाजता, काय, किती. दूध, पाणी, बिस्किट, आजोबांच्या बशीतला चहा, शेजारच्या काकूंनी दिलेलं केळं, सगळं. औषधाच्या मापानं किंवा फॉर्म्युलाच्या बाटलीवरच्या खुणांनी घरातली नेहमीची वाटी एकदा मोजून घ्या, कारण "एक वाटी" म्हणजे कोणाकडे ८० मिली आणि कोणाकडे २०० असते. दही, खीर, दुधातली नाचणी हे पण दुधाच्या खात्यातच लिहायचं. सासूबाई किंवा पाळणाघरातल्या मावशी सांभाळत असतील तर त्यांनाही सांगून ठेवा, नाहीतर त्या वेळेतलं खाणं-पिणं यादीतून निसटतं.

सोबत शूचे डायपर किंवा लंगोट मोजा. वजन करा, अंगणवाडीत दर महिन्याला होतं किंवा डॉक्टरांकडे, पण दरवेळी एकाच काट्यावर आणि कमीत कमी कपड्यांत. घरच्या काट्यावर आपण बाळ कडेवर घेऊन उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं, या पद्धतीत दोनशे-चारशे ग्रॅम सहज इकडचे तिकडे होतात, त्यावर रडू नका.

चेक: तीन दिवसांनंतर बेरीज केलीत की बऱ्याच घरांत असं दिसतं की बाळ "काहीच पीत नाही" असं नाहीये, ३००-३५० मिली कुठून ना कुठून जातंय. तुमचं असं असेल तर थेट पायरी ४ वर जा.

## पायरी २: एकदम बंद केलं की हळूहळू कमी झालं?

दोन्ही गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत. महिना-दीड महिन्यात हळूहळू कमी होत गेलं, बाळ खेळतंय, पोळी-भाजी खातंय, तर ते बहुतेक भूक आणि जेवण यांच्यातली अदलाबदल आहे.

पण काल संध्याकाळपर्यंत पीत होतं आणि आज सकाळपासून तोंडच लावत नाही, तर कारण शोधायचं. आधी तोंडात टॉर्च मारून बघा. हिरड्या सुजल्यात का, दाढ येतेय का, कारण पहिल्या दाढा साधारण वर्षानंतरच यायला लागतात आणि चोखताना दुखतं. जिभेवर-गालावर आतून पांढरे चट्टे आहेत का आणि ते मऊ ओल्या कापडानं पुसले जातात का? दुधाचा थर पुसला जातो, बुरशी सहजासहजी जात नाही. फोड, लाल ठिपके, आणि सोबत हातापायांवर पुरळ असेल तर डॉक्टरांना दाखवा. नाक चोंदलंय का हेही बघा, नाक बंद असलं की चोखताना श्वास घेता येत नाही आणि बाळ दोन घोट घेऊन रागानं सोडून देतं, बिचाऱ्याला दूध हवं असतं पण जमत नाही. आडवं केल्यावरच रडत असेल, कान ओढत असेल, सोबत ताप असेल, तर कानाचं इन्फेक्शन असू शकतं.

अंगावर पिणाऱ्या बाळानं अचानक बंद केलं तर आईच्या बाजूनं पण बघायचं. नवीन साबण किंवा परफ्यूम, पाळी परत सुरू झालीय, पुन्हा दिवस गेलेत, किंवा बाळ चावलं म्हणून तुम्ही जोरात ओरडलात आणि ते घाबरलं. असं अचानक बंद करणं म्हणजे दूध सुटलं असं धरू नका, बरीच बाळं काही दिवसांत परत पितात. झोपाळलेलं असताना, अंधाऱ्या शांत खोलीत, उघड्या अंगाला अंग लावून जवळ घ्या, तोंड दाबून लावू नका, आणि तोवर दूध हातानं काढत राहा म्हणजे गाठी होणार नाहीत.

सावधान: सहा-आठ तास शू नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तोंड कोरडं, बाळ मलूल पडलंय, सतत उलट्या, श्वास जोरजोरात, शीमधून रक्त, यातलं काहीही असेल तर हा लेख बंद करून आजच्या आज डॉक्टरांकडे.

## पायरी ३: नक्की किती दूध हवंय तो आकडा ठरवा

बहुतेक भांडणं चुकीच्या आकड्यामुळे होतात. घरातल्या मोठ्या माणसांच्या डोक्यात "दोन मोठे ग्लास तरी हवेतच" असं असतं आणि इथे बाळाचं पोट केवढंसं.

जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं असं आहे की अंगावर न पिणाऱ्या आणि अंडं, मासे, चिकन असं नियमित खाणाऱ्या बाळाला दिवसाला २०० ते ४०० मिली दूध पुरतं, ते खात नसेल तर ३०० ते ५००. घरात शाकाहारी असाल तर मधला आकडा ४०० धरा. वरची मर्यादा मात्र अर्धा लिटर, त्याच्या पुढे नको. हे ऐकून बरेच आजी-आजोबा चमकतात, पण कारण साधं आहे, गाईच्या-म्हशीच्या दुधात लोह अगदी नावाला असतं, दुधातलं कॅल्शियम जेवणातलं लोह पण नीट शोषू देत नाही, आणि दुधानं पोट भरलेलं बाळ जेवत नाही. दिवसाला लिटरभर दूध पिणारी गुटगुटीत बाळं रक्त तपासल्यावर अॅनिमिक निघतात ती अशी.

अंगावर पीत असेल तर मिली मोजत बसू नका. दिवसातून तीन-चार वेळा नीट पीत असेल आणि खात असेल तर वरचं दूध पाजलंच पाहिजे असं काही नाही. दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही अंगावर पाजा असंच सांगितलं जातं, "वर्षानंतर त्या दुधात काही नसतं" हे खोटं आहे.

## पायरी ४: दिवसाची मांडणी बदला

मूळ चूक इथेच असते म्हणून जरा सविस्तर. सहा महिन्यांचं बाळ असताना आपण दूध आधी देतो आणि वरून दोन चमचे भाताची पेज. वर्षानंतर हे फिरवायचं असतं, जेवण आधी आणि दूध नंतर किंवा मधल्या वेळी, पण आपली सवय तीच राहते. मग होतं काय की साडेअकराला बाटली, बाराला वरण-भात, बाळ दोन घास खाऊन उठतं, "जेवला नाही" म्हणून एकला परत बाटली, चारला त्याला भूकच नाही म्हणून दूध पण नको. दिवसभर अर्धवट भरलेलं पोट, आणि आपल्याला वाटतं दूध पण सोडलं आणि जेवण पण.

एक साधी मांडणी देते, तुमच्या घराप्रमाणे तास-अर्धा तास पुढेमागे करा:

सकाळी उठल्यावर १२० मिली दूध. त्यानंतर दीड-दोन तासांनी नाश्ता, उपमा, घावन, नाचणीचं सत्त्व, अंडं, जे घरात असेल ते. साडेबारा-एकला जेवण, आणि त्याच्या आधी दोन तास दूध नाही, बिस्किट नाही, फक्त पाणी. झोपून उठलं की चार-साडेचारला १२० मिली दूध आणि एखादं फळ. साडेसातला घरातल्यांसोबत जेवण. नऊच्या आसपास १०० मिली, बसवून, जागेपणी, आणि त्यानंतर दात पुसणं. झाले ३४० मिली, वर एक छोटी वाटी दही.

दूध पुढे केलं आणि दहा-पंधरा मिनिटांत घेतलं नाही की भांडं उचलायचं आणि पुढच्या वेळेपर्यंत विषय काढायचा नाही. चेहऱ्यावर पण काही दाखवायचं नाही, हे सगळ्यात अवघड, मला तर जमायचंच नाही, मी उठून किचनमध्ये जायचे. दर अर्ध्या तासानं "एक घोट घे ना रे राजा" केलंत की बाळाला दूध म्हणजे भांडण हे पाठ होतं.

चेक: ही मांडणी किमान सात दिवस सलग झाली का? दोन दिवसांनी "काही फरक नाही" म्हणून सोडलीत तर ती केलीच नाही असं समजा. पहिले तीन-चार दिवस दूध अजून कमी होईल, तेवढं धरूनच चाला.

### झोपेतली बाटली

यावर वेगळं लिहावंच लागतं कारण हे घरोघरी चालतं आणि कोणी कबूल करत नाही. बाळ जागेपणी पीत नाही ना, मग गाढ झोपलं की तोंडात निप्पल द्यायची, ते झोपेत २०० मिली ओढतं आणि सगळे खूश. रात्री एकदा, पहाटे एकदा, झाले ४०० मिली. मग दिवसा ते दूध का पिईल? त्याचा कोटा झोपेतच पूर्ण झालाय. वरून दूध रात्रभर दातांवर राहतं, आणि वरचे पुढचे दात तपकिरी होऊन किडायला लागतात, दुधाचे दात आहेत पडतीलच म्हणून सोडून देण्यासारखं ते नसतं, दुखतं, सूज येते. आडवं पाजल्यानं ठसका लागतो आणि कानाचा त्रास वाढतो तो वेगळाच.

एकदम बंद करता येत नसेल तर आधी पहाटेची बाटली घ्या, दर दोन-तीन रात्रींनी २०-३० मिली कमी करत शून्यावर आणा, मग रात्रीची. दुधात पाणी वाढवत नेऊ नका, दूधच कमी करा. या काळात झोप मोडणार, सुट्टीचे दिवस बघून सुरू करा.

## पायरी ५: भांडं बदला

काही बाळांना दूध नको नसतं, बाटली नको असते. उलटही असतं, दूध म्हणजे बाटलीच, वाटीतलं पांढरं पाणी म्हणजे दूध नाहीच. वर्षाच्या आसपास बाटली सुटायला लागावी आणि दीड वर्षापर्यंत पूर्ण जावी हे बरं.

क्रम असा: आधी छोट्या उघड्या स्टीलच्या पेल्यात पाणी, जेवताना, सांडू द्या. ते जमलं की दुपारचं दूध त्याच पेल्यात, दोन बोटं भरून, भरलेला पेला हातात दिलात की फरशी पुसायचं काम नक्की. मग सकाळचं. रात्रीची बाटली सगळ्यात शेवटी सोडायची. स्ट्रॉचा कप पण चालतो. आपल्या पेल्यात पण दूध किंवा ताक घेऊन समोर बसा, मोठ्यांचं बघून जेवढं होतं तेवढं गोड बोलून होत नाही.

सावधान: बोंडल्यानं किंवा चमच्यानं नाक दाबून, हातपाय धरून, मांडीवर आडवं पाडून पाजू नका. दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. "आमच्या वेळी असंच पाजायचे" हे बरोबर आहे, असंच पाजायचे, म्हणून आजही तसंच पाजायचं असं नाही.

## पायरी ६: दूधच बदलत असाल तर

फॉर्म्युलावरून किंवा अंगावरून गाईच्या दुधावर येताना चव, वास, गोडी सगळंच बदलतं आणि बाळ नको म्हणतं. एका दिवसात बदलू नका. डब्यावर लिहिल्याप्रमाणे पाण्यात बनवलेला फॉर्म्युला तीन भाग आणि उकळून कोमट केलेलं दूध एक भाग, तीन-चार दिवस. मग निम्मं-निम्मं. मग उलट.

इथे एक चूक फार होते: फॉर्म्युलाची पावडर थेट गाईच्या दुधात कालवणं. असं करायचं नाही, फारच घट्ट होतं आणि बाळाच्या किडनीवर लोड येतो. पावडर पाण्यातच, आणि मापानंच.

पिशवी घेताना वर काय लिहिलंय ते बघा. टोन्डमध्ये फॅट ३ टक्के, डबल टोन्डमध्ये दीड, फुल क्रीममध्ये ६. दोन वर्षांपर्यंत फॅट लागतं, त्यामुळे टोन्ड आणि डबल टोन्ड बाळासाठी नको, गाईचं दूध किंवा फुल क्रीम घ्या. फुल क्रीमनं पोट जड होत असेल, शी घट्ट होत असेल तर गाईचं बघा. पाणी घालून पातळ करायची गरज नाही, त्यानं पोट पाण्यानंच भरतं. सुटं दूध असेल तर नीट उकळून. बदाम दूध, ओट दूध वगैरे दुधाच्या जागी चालत नाही.

आणि ती चॉकलेटी पावडर. त्यात साखर असते, आणि दोन वर्षांपर्यंत वरून साखर नको असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये तर केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं "हेल्थ ड्रिंक" या नावाच्या विभागातून काढायला सांगितलं. एकदा ती चव लागली की साधं दूध परत प्यायला लावणं महिन्यांचं काम होतं. चव बदलायचीच असेल तर चिमूटभर वेलची, अर्ध्या खजुराची पेस्ट, किंवा थोडं केळं कुस्करून. काहींना कोमट नाही, साधं थंड लागतं, तेही करून बघा.

## पायरी ७: तरीही नकोच, तर ताटातून द्या

एक ते तीन वर्षांच्या मुलाला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या तक्त्याप्रमाणे दिवसाला ५०० मिग्रॅ कॅल्शियम लागतं. १०० मिली गाईच्या दुधात साधारण १२० मिग्रॅ असतं, दह्यात तेवढंच किंवा थोडं जास्त. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे दूध फक्त २०० मिली गेलं (२४०), त्यात एक १०० ग्रॅमची दह्याची वाटी (१२०), २० ग्रॅम नाचणीचं सत्त्व किंवा आंबील (७०) आणि १५-२० ग्रॅम पनीर कुस्करून पोळीत (८० च्या आसपास), की ५०० झालेच.

दहीभात, कढी, पनीर पराठा, दुधात भिजवून शिजवलेली लापशी, दुधात मळलेल्या कणकेची दशमी, हे सगळं दूधच आहे. आमच्याकडे दशमीनं वाचवलं. तिळाची पूड अर्धा चमचा भाजीत. बदाम-काजू द्यायचे तर पूड करूनच, अख्खे अजिबात नाही, घशात अडकतात.

लोहाकडे पण याच पायरीत बघा. डाळ, पालेभाजी, अंडं, मासे, आणि वरण-भातावर लिंबू पिळायचं, त्यानं डाळीतलं लोह जास्त लागू पडतं. चहात बुडवलेलं बिस्किट बंद, चहा लोह अडवतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आशाताईंकडून लोहाचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली, ते दुधासोबत देऊ नका, मध्ये तास-दोन तासांचं अंतर ठेवा.

## पायरी ८: अंगावरचं सोडवायचंच असेल तर

बाळ स्वतःहून कमी करत असेल तर त्याच्या चालीनं जाऊ द्या. तुम्हाला सोडवायचं असेल तर एका वेळी एकच फीड कमी करायचं, तेही ज्यात त्याला सगळ्यात कमी रस आहे ते, बहुतेक दुपारचं. मग चार-पाच दिवस थांबायचं. रात्री झोपतानाचं शेवटी. गच्च झालं तर थोडंसंच काढा, पूर्ण रिकामं केलंत तर अजून येतं. लालसर गाठ, दुखणं आणि ताप आला तर डॉक्टर.

मिरची, कडुनिंबाचा रस, मेथीची पेस्ट लावणं, किंवा आईनं आठ दिवस माहेरी निघून जाणं, हे नको. आजारपणात, दाढ येताना, घर बदलताना, पाळणाघर सुरू होताना पण सोडवायला घेऊ नका.

## पायरी ९: दोन आठवड्यांनी परत मोजा

परत तीन दिवसांची नोंद, परत त्याच काट्यावर वजन. या वयात महिन्याला दोनशे ग्रॅमच्या आसपास वाढलं तरी ठीक, आणि एखाद्या महिन्यात कमी वाढलं म्हणून लगेच घाबरायचं नाही, माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात रेष वर चाललीय ना ते बघा. रेष आडवी झाली किंवा खाली वळली, बाळ फिकट दिसतंय, लवकर दमतंय, माती किंवा भिंतीचा चुना चाटतंय, किंवा दूध प्यायल्यावर दरवेळी अंगावर गांध्या, उलटी, जुलाब होतात, तर डॉक्टरांकडे जा. जाताना ती नोंद, कार्ड आणि घरी वापरता त्या दुधाच्या पिशवीचा फोटो घेऊन जा, नुसतं "काही खात-पीत नाही" म्हणालात तर त्यांच्या हातात काहीच पडत नाही.

आणि हो, काही बाळं दोन-तीन आठवड्यांत एकदम पलटी मारतात, सारखं दूध दूध करायला लागतात. तेव्हा आनंदाच्या भरात पेला भरत बसू नका. दिवसाचं अर्धा लिटर दूध सकाळीच वेगळ्या भांड्यात काढून ठेवा, दही आणि लापशी पण त्यातूनच, आणि ते भांडं संपलं की त्या दिवसापुरतं फक्त पाणी.